गळ्यातला बिल्ला

आजच्या बोलण्यात कर्ज, व्याज, हप्ता यातलं काहीच नाही. आज एका बिल्ल्याचा इतिहास सांगणार आहे. जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा जरासा मोठा, दोरीत ओवलेला, सैनिकाच्या गळ्यात वर्दीच्या आत असणारा बिल्ला. आपल्या सातारा भागात वाडीगणिक एखादा तरी फौजी असतोच. त्यामुळं तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तो पाहिला असेल, सुट्टीवर आलेल्या नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या गळ्यात. त्यावर काय लिहिलंय हे मात्र फारशा कुणी वाचलं नसेल. वाचायला नको वाटतं. तो कशासाठी असतो हे आपल्याला कुणी न सांगताही कळतं.

जगात काही लोक असे जुने बिल्ले जमवतात. कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं, तसे हे. पहिल्या महायुद्धातला, दुसऱ्या महायुद्धातला, जर्मन, रशियन, अमेरिकन, जपानी. जो बिल्ला दुर्मीळ त्याला जास्त पैसे. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाच्या गळ्यातली वस्तू, आणि तिचा बाजार? पुढं वाचत गेले तसं लक्षात आलं की सगळेच संग्राहक एका माळेचे मणी नाहीत. काहींच्या हातून फार मोठं पुण्याचं काम झालंय, काहींच्या हातून पापच. दोन्ही सांगते. पण त्याआधी बिल्ला आला कुठून ते बघू.

पूर्वीच्या लढायांत साध्या शिपायाला नाव नसायचं. सरदार पडला की त्याची समाधी, छत्री. शिपाई पडला की चर खणून दहा-वीस एकत्र. घरी निरोप जायचा तो बरोबरच्या कुणाच्या तोंडून, तो जगला तर. नाहीतर बाई वाटेकडं डोळे लावून बसायची.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ मध्ये यादवी युद्ध झालं, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे एकमेकांशी लढले. तोवर शिपायांत लिहिता-वाचता येणारे पुष्कळ झाले होते. आपण अनाम मरू ही भीती त्यांनी स्वतःच बोलून दाखवायला सुरुवात केली. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन केनेडी नावाच्या माणसानं सरकारला पत्र लिहिलं, की प्रत्येक शिपायाला नावाचा बिल्ला द्या, मी करून देतो. सरकार नको म्हणालं. मग शिपायांनी आपापली सोय केली. छावणीच्या मागं फिरणाऱ्या दुकानदारांकडून पितळेचे बिल्ले विकत घेतले, लाकडाच्या तुकड्यावर नाव कोरलं. १८६४ च्या जूनमध्ये कोल्ड हार्बर इथं मोठा हल्ला व्हायचा होता. आदल्या रात्री शिपाई कोट काढून काहीतरी शिवत बसलेले सेनापती ग्रँटच्या एका अधिकाऱ्याला दिसले. त्याला वाटलं, फाटलं असेल म्हणून टाके घालतायत. जवळ जाऊन बघतो तर कागदाच्या चिठोऱ्यांवर स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता लिहून ते कोटाच्या पाठीवर अडकवत होते. त्यानंच हे पुढं लिहून ठेवलंय.

त्याच युद्धातलं व्हिक्सबर्गचं कबरस्तान आहे. तिथं सुमारे १७,००० सैनिक पुरलेत. त्यातल्या जवळजवळ १३,००० जणांचं नाव कुणालाच माहीत नाही. चारातले तीन बेनामी.

सरकारला शहाणपण यायला आणखी चाळीस वर्षं गेली. अमेरिकेनं १९०६ मध्ये बिल्ला सुरू केला, इंग्रजांनी १९०७ मध्ये. जर्मनांनी त्याच्याही आधी, १८७० च्या फ्रान्सबरोबरच्या लढाईतच बिल्ले दिले होते. इंग्रजांचा बिल्ला ॲल्युमिनियमचा होता, एकच. त्यावर नंबर, नाव, पलटण आणि धर्म. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, भरती एकदम वाढली, तेव्हा धातूऐवजी दाबून कडक केलेल्या तंतूंचे लाल बिल्ले निघाले. जाड पुठ्ठ्यासारखे म्हणा. स्वस्त आणि झटपट.

आता या एका बिल्ल्यानं काय घोटाळा केला ते नीट ऐका. शिपाई पडला की सोबतचा माणूस त्याच्या गळ्यातला बिल्ला काढून घ्यायचा, कारण वर कळवायला पुरावा पाहिजे. कचेरीत नोंद झाली, घरी तार गेली. प्रेत मात्र तिथंच, बिनबिल्ल्याचं. चार दिवसांनी पुरणारी तुकडी आली की त्यांना हा कोण ते कळायला मार्ग नाही. मेला हे कागदावर पक्कं, पण कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. फ्रान्समध्ये सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, इंग्रजांच्या सैन्यातले १९,२४० जण मेले. एका दिवसात. त्या भागात ज्यांचं थडगं सापडलं नाही अशांसाठी थिएपव्हाल इथं स्मारक आहे, त्यावर ७२,००० हून जास्त नावं आहेत.

म्हणून १९१६ च्या सप्टेंबरात हुकूम निघाला, आता प्रत्येकाला दोन बिल्ले. एक हिरवा, आठ कोनांचा. दुसरा लाल, गोल. हिरव्याच्या दोरीला छोट्या दोरीनं लाल अडकवलेला. माणूस पडला की लाल तोडून घ्यायचा, हिरवा त्याच्या अंगावरच राहू द्यायचा. एक नोंदीसाठी, एक त्याच्यासाठी. बँकेत पैसे भरताना पावतीचा अर्धा भाग आपल्याकडं आणि अर्धा बँकेकडं राहतो ना, तसंच हे. एवढी साधी गोष्ट सुचायला दोन वर्षं आणि लाखो माणसं लागली.

आणि तरीही घोळ राहिलाच. तंतूंचा बिल्ला ओल्या मातीत कुजतो. फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात शंभर वर्षांनी आज हाडं सापडतात, बूट सापडतो, बटण सापडतं, बिल्ल्याचा मागमूस नसतो. बऱ्याच शिपायांना हे तेव्हाच उमगलं होतं. त्यांनी स्वतःच्या पैशानं पितळेचं, चांदीचं कडं करून घेतलं, त्यावर नाव-नंबर ठोकून घेतला. कुणी फ्रेंच नाणं घासून त्यावर अक्षरं पाडली. आज शेतात नांगर चालवताना जी नावं वर येतात, ती बरीचशी अशा घरगुती बिल्ल्यांवरची असतात. सरकारी माल कुजला आणि स्वतः केलेलं टिकलं.

जर्मनांची पद्धत निराळी. त्यांचा बिल्ला लंबगोल, मधोमध बारीक चिरा पाडलेल्या, दोन्ही भागांवर तीच अक्षरं. माणूस मेला की अर्धा मोडून न्यायचा, अर्धा प्रेताजवळ ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात हा बिल्ला जस्ताचा होता आणि त्यावर नावच नसायचं. फक्त तुकडी, नंबर, रक्तगट. नंबरावरून नाव शोधायचं ते बर्लिनमधल्या यादीत. ती यादी युद्धातून वाचली आणि आजही वापरात आहे. म्हणजे एखाद्या शेतात अर्धा बिल्ला हाडांसोबत सापडला तर ऐंशी वर्षांनंतरही त्या माणसाला नाव मिळू शकतं.

रशियनांची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. त्यांच्याकडं धातूचा बिल्ला नव्हता. १९४१ मध्ये त्यांनी सैनिकांना काळ्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी आटे असलेली डबी दिली. आपल्याकडं ताईत असतो ना, हुबेहूब तशी. आत कागदाची पट्टी. त्यावर नाव, जन्माचं वर्ष, गाव, घरच्यांचं नाव आपल्या हातानं लिहून डबी बंद करायची. पण शिपायांत समज पसरला की पट्टी भरली की मरण आलंच. मग कित्येकांनी ती कोरीच ठेवली. कुणी कागद फेकून दिला आणि डबीत सुया ठेवल्या, कुणी तंबाखू. मला यात हसू येत नाही. अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे आपल्याकडंही आहेच की. विम्याचा फॉर्म भरताना "मृत्यूनंतर वारस" हा रकाना आला की आपल्या गटातल्या बायका पेन खाली ठेवतात, हे मी दर वर्षी बघते. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं या डब्याच बंद केल्या. त्यानंतर पडलेल्यांच्या गळ्यात काहीच नव्हतं. रशियात आज स्वयंसेवकांची पथकं जंगलात, दलदलीत जुन्या रणांगणांवर खोदकाम करतात. तरुण मुलं-मुली सुट्टीत जातात. हाडांजवळ डबी सापडली की सगळे श्वास धरून थांबतात. उघडली की बरेचदा रिकामी. कधी पट्टी असते पण ओलीनं शाई गेलेली. आणि कधीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं एक नाव, एक गाव.

अमेरिकन बिल्ल्यांवर थोडं बोलायला हवं, कारण जमवणाऱ्यांत तेच सगळ्यात जास्त फिरतात. दुसऱ्या महायुद्धातला त्यांचा बिल्ला लांबट, कडेला एक खाच असलेला. या खाचेबद्दल एक भयंकर कथा सांगितली जाते, की मेलेल्याच्या दातांत बिल्ला अडकवून तोंड बंद करायचं, त्यासाठी खाच. खोटं आहे. अक्षरं उठवणाऱ्या यंत्रात पत्रा नीट बसावा म्हणून ती खाच होती, बाकी काही नाही. बिल्ल्यावर नाव, नंबर, धनुर्वाताची सुई कधी टोचली ते वर्ष, रक्तगट आणि धर्माचं एक अक्षर. ज्यू सैनिकांच्या बिल्ल्यावर एच असायचं. तो बिल्ला गळ्यात घालून हिटलरच्या सैन्याच्या हाती सापडणं म्हणजे काय, याचा विचार करा. काही ज्यू सैनिकांनी ते अक्षर घालूच दिलं नाही, काहींनी पकडलं जाताना बिल्ला फेकून दिला. ज्यानं मेल्यावर ओळख पटायची, त्यानंच जिवंतपणी मरण ओढवायचं.

त्यातही १९४१ च्या अखेरीपासून १९४३ च्या जुलैपर्यंत जे बिल्ले निघाले, त्यांवर घरच्या माणसाचं नाव आणि पत्ताही असायचा. कुणाची आई, कुणाची बायको. नंतर ते बंद झालं. त्यामुळं असे बिल्ले आज थोडे आणि जमवणाऱ्यांना फार प्रिय. दुर्मीळ म्हणजे काय ते इथं कळतं. कुणा बाईचं नाव आणि तिच्या घराचा पत्ता नवऱ्याच्या छातीवर टांगलेला, आणि ऐंशी वर्षांनी कुणीतरी तो काचेच्या कपाटात लावतो.

आता पुण्याचं आणि पापाचं सांगते म्हणाले होते ते सांगते.

चांगला संग्राहक बिल्ला हातात आल्यावर आधी त्या माणसाचा शोध घेतो. तो युद्धातून परत आला होता का, की पडला, की अजून बेपत्ताच आहे? घरचं कुणी आहे का? इटलीत, नॉर्मंडीत, पॅसिफिकच्या बेटांवर सापडलेले कितीतरी बिल्ले असे शोध घेऊन म्हाताऱ्या सैनिकांना किंवा त्यांच्या लेकी-नातवंडांना परत दिले गेलेत. पैसे न घेता.

दुसरी जात आहे ती धातू शोधायचं यंत्र घेऊन रात्री रणांगणं उकरणाऱ्यांची. पूर्व युरोपात हा धंदाच झालाय. जर्मन बिल्ल्याला किंमत येते, त्यातही विशिष्ट तुकड्यांच्या जास्त. मग हे लोक कबर उकरतात, बिल्ला आणि पदकं काढून घेतात, हाडं तशीच फेकून देतात. मघाशी सांगितलं ना, जर्मन बिल्ल्यावर नाव नसतं, नंबर असतो. बिल्ला गेला की ती हाडं कायमची अनाम. आणि ज्याच्याकडं बिल्ला गेला त्याला तो कुठं सापडला ते कुणी सांगणार नाही. दोन्हीकडचा धागा एका झटक्यात तुटला. कुणाची तरी बहीण, कुणाची मुलगी अजून कागदोपत्री "बेपत्ता" एवढंच वाचत असते. दुर्मीळ वस्तू जपतोय असं म्हणून पैसे मोजणारा गिऱ्हाईक नसता, तर हे उकरणारेही नसते. माझं स्पष्ट मत आहे, सापडल्याची जागा न सांगता विकला जाणारा बिल्ला घेऊच नये, कितीही दुर्मीळ असला तरी.

आणि बाजार आला की नक्कल आलीच. युद्ध संपल्यावर जर्मनांचे कोरे बिल्ले ढिगानं शिल्लक राहिले होते, त्यांवर नंतर अक्षरं ठोकून विकले गेले. व्हिएतनाममध्ये तर हो ची मिन्ह शहरात पर्यटकांसाठी अमेरिकन बिल्ल्यांची पोतीच विकायला असायची. त्यांतले कितीतरी बनावट. लोक ते विकत घेऊन अमेरिकेला पाठवायचे, हा आमच्या बेपत्ता सैनिकाचा पुरावा म्हणून. सरकारनं तपासलं तर बहुतेक बिल्ल्यांवरची माणसं बेपत्ता नव्हतीच, सुखरूप घरी परतली होती. पण ज्यांचा खरोखर कुणी परतला नव्हता, अशा घरांनी प्रत्येक बातमीला किती वेळा आशा लावली असेल.

हे सगळं दूरदेशीचं झालं. मग आपली माणसं?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली. सुमारे ७४,००० परत आली नाहीत. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण त्या युद्धात पडले. मराठ्यांच्या पलटणी सगळ्यात जास्त लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं कूट नावाच्या गावी इंग्रजांची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. त्यात मराठा पलटणीही होत्या. खायला काही उरलं नाही, शेवटी घोडे-खेचरं कापली. शरण गेल्यावर कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं. वाटेत जे पडले त्यांचे बिल्ले कोण गोळा करणार?

इराकमधल्या बसऱ्याला या लढाईत पडलेल्या, थडगं नसलेल्या सैनिकांचं मोठं स्मारक आहे, १९२९ मध्ये उघडलेलं. चाळीस हजारांवर माणसांसाठी. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव लिहून पुढं आकडा. अमुक पलटण, अधिकारी हे हे, "आणि इतर इतके". गळ्यात बिल्ला घालून गेलेला माणूस शेवटी आकड्यात मिळाला. हे सद्दामच्या काळात नदीकाठावरून उचलून दूर वाळवंटातल्या रस्त्यालगत नेलं, तेव्हा तर तिथं कुणी जाणंही मुश्कील झालं.

या युद्ध-थडग्यांची देखभाल करणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. तिनं २०२१ मध्ये स्वतःचीच चौकशी करून अहवाल काढला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन असे ४५,००० ते ५४,००० जण बरोबरीनं स्मरले गेले नाहीत, आणि आणखी किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावानं किंवा अजिबातच नोंद केली गेली नाही, हे तिनं मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. सगळीकडं असंच झालं असं मात्र नाही. फ्रान्समध्ये नव शापेल इथं १९२७ मध्ये उघडलेल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून जास्त नावं एकेक करून कोरलेली आहेत. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येत होतं.

आपल्याकडंही बघा. कोकणात आणि देशावर काही जुन्या गावांत चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके जण गेले, त्यातले इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत. तुमच्या गावात असेल तर एकदा जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर चुना नाहीतर ऑइलपेंट बसलाय.

बिल्ला नसला तरी कधी कधी माणूस थोडाफार सापडतो. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये रिशबूर गावाजवळ खोदकाम करताना दोन सैनिकांची हाडं वर आली. बिल्ले नव्हते. पण खांद्यावरच्या पितळी चिन्हावर ३९ हा आकडा होता. त्यावरून कळलं की हे ३९ व्या गढवाल रायफल्सचे. नाव नाही कळलं, पण पलटण कळली आणि पलटणीवरून मुलूख कळला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लवांती इथल्या सैनिकी कबरस्तानात त्यांना मानानं ठेवलं, त्यांच्याच पलटणीची माणसं भारतातून गेली होती. दोन्ही दगडांवर नाव नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं एक नाव आपल्याला ठाऊक आहे, रायगडातल्या माणगाव भागात तर पोरासोरांनाही. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे. इटलीत १० जुलै १९४४ ला सगळे साथीदार पडल्यावर एकट्यानं शत्रूचं ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढं नाव झालं, तरी त्यांचं थडगं नाही. कसिनो इथल्या स्मारकावर, ज्यांचा देह सापडला नाही अशांमध्ये त्यांचं नाव कोरलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, मेल्यावर नाव असलं काय नि नसलं काय. ज्या बाईच्या नवऱ्याची तार आली, ती रडली, सुतक धरलं, पुढं लागली. जिला "बेपत्ता" एवढंच कळलं तिनं काय करायचं? कुंकू पुसायचं की ठेवायचं? सासरी तिचा हिस्सा काय? पेन्शनीला कागद कुठला? आजही कायद्यात माणूस सात वर्षं कुणाला दिसला नाही, कळला नाही, तरच तो मेला असं धरतात. सात वर्षं बाईनं अधांतरी काढायची. म्हणून १९४९ च्या जिनिव्हा करारात लिहिलंय की मेलेला शत्रूचा सैनिक असला तरी दुहेरी बिल्ल्याचा अर्धा भाग त्याच्या देहावरच ठेवायचा आणि उरलेला, त्याच्या नावानिशी, समोरच्या देशाला पोचवायचा. त्या करारात भारतही आहे. त्या अर्ध्या बिल्ल्यावर एका घराचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता कामाचं. आपल्या घरांत बिल्ले फारसे राहिले नाहीत, पण पदकं आहेत. पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यात, कुठं पोराच्या खेळण्यात. पहिल्या महायुद्धातलं चांदीचं गोल पदक असतं, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ते सराफाकडं मोडीत देऊ नका. त्याची कड बघा. जाडीवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ज्यांच्या बिल्ल्यांची माती झाली त्यांचं नाव आज या कडेवरच उरलंय. हेच पदक काशाचं असेल तर तुमचे पणजोबा लढणाऱ्यांत नसून पाणक्या, खेचरवाला, स्वयंपाकी असे सोबत गेलेल्यांत असावेत. त्यांना चांदी दिली नाही. म्हणून ते कमी मोलाचं समजू नका, मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं.

काही घरांत काशाची छोट्या ताटलीएवढी चकती असते, हातात हार धरून उभी असलेली बाई आणि सिंह. ती फक्त युद्धात गेलेल्याच्या घरी यायची. त्यावर नाव असतं, हुद्दा नसतो, साहेब असो की शिपाई. अशा तेरा लाखांवर चकत्या केल्या होत्या. त्यांतल्या सुमारे ६०० बायकांच्या नावानं होत्या, परिचारिका वगैरे कामांवर गेलेल्या.

यातलं काहीही चिंच-मीठ, राख लावून घासू नका. चकचकीत होईल आणि अक्षरं जातील. कोरड्या मऊ कापडानं पुसा, खिडकीशी तिरप्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढा, नंबर वहीत उतरवा. घरी कुणी घ्यायला आला, जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणून, तर आधी हे करून ठेवा, मग विकायचं की नाही ते घरात बसून ठरवा.

कॉमनवेल्थ कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं, पैसे पडत नाहीत. इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजला जाणारी एखादी पोरगी हाताशी घ्या. कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय, त्यामुळं आडनाव दोन-चार तऱ्हांनी टाकून बघा. जिल्हे जुने आहेत. रायगड शोधायचं तर कुलाबा टाका, सिंधुदुर्गासाठी रत्नागिरी. सांगलीकडची बरीच गावं तेव्हा साताऱ्यात होती. पलटणीच्या नावात मराठा शब्दात इंग्रजी एच जास्तीचा असतो.

नोंद सापडली तर नाव, नंबर, पलटण, गेल्याची तारीख आणि कुठल्या स्मारकावर नाव आहे ते दिसेल. दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ नोंदींत त्याच्या खाली आणखी एक ओळ असते. अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, अमुक गावचा. आणि लग्न झालं असेल तर पुढं, अमकीचा नवरा. त्या काळी सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, पण तिथं आईचं नाव आहे, बायकोचं नाव आहे. कुणाला आपल्या पणजीचं नाव तिथं सापडलं तर रेडिओवर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.